हौद आणि हत्तीचा पाय

नाशिक फाट्याला मेट्रोतून उतरून भोसरीची वाट धरली की दोन्ही हातांना एमआयडीसी सुरू होते. लेथ, प्रेसटूल, पावडर कोटिंग, सीएनसी जॉबवर्क अशा पाट्यांची रांग, शिफ्ट सुटलेली माणसं, चहाच्या टपऱ्या. उड्डाणपुलाच्या खालून आळंदी रस्त्याकडे वळलं की मग जुनं गाव लागतं. गावाचं दैवत भैरवनाथ. चैत्रात त्याचा उत्सव असतो, पालखी निघते, बैलगाडे जुंपले जातात आणि कुस्त्यांचं मैदान भरतं. भोसरी ही मुळात पैलवानांची. कारखाने नंतर आले.

गेली काही वर्षं मी रोमन लोकांच्या शिक्षांबद्दल आणि त्यांच्या ग्लॅडिएटरांबद्दल मिळेल ते वाचतो आहे. पुस्तकं रिंगणात काय घडलं ते सांगतात. शस्त्रं कोणती, जनावरं किती, खर्च कोणी केला, सगळं. मला कुतूहल होतं ते सभोवार बसलेल्या माणसांचं. रोमच्या कलोझियममध्ये पन्नास हजारांच्या आसपास माणसं बसत असावीत असा अंदाज आहे. ही माणसं सकाळी घरून निघताना काय मनात घेऊन निघत आणि संध्याकाळी काय घेऊन परतत? माणसाशी माणूस झुंजतो आणि हजारो लोक ते बघतात, असं ठिकाण आपल्याकडे आजही जिवंत आहे. म्हणून मी भोसरीला आलो होतो.

गावजत्रा मैदानावर दुपारपासूनच हलगी कडाडत होती. हौदातली तांबडी माती फावड्यानं वरखाली करून ठेवलेली. त्यात ताक, तेल, हळद, लिंबू मिसळलेलं असतं, त्यामुळे तिला एक आंबूस, औषधी वास येतो. कडेला बसलं की तो वास कपड्यांना लागतो. आधी पोरासोरांच्या कुस्त्या झाल्या, रेवड्यांवरच्या नि नारळावरच्या. सात-आठ वर्षांचं एक पोरगं चीत झालं आणि मोठ्यानं रडायला लागलं, तर ज्यानं त्याला पाडलं होतं तोच खांद्यावर हात टाकून त्याला बाहेर घेऊन गेला. माझ्या शेजारी एक वस्ताद बसले होते. वय सत्तरीचं, कान मोडलेले, आवाज अगदी हळू. त्यांना तात्या म्हणत होते सगळे, मीही म्हणू लागलो.

मोठ्या जोड्या उतरल्या तेव्हा उन्हं कलली होती. खेडकडचा एक पोरगा आणि गावातला एक. हातात माती घेऊन दोघांनी एकमेकांच्या अंगावर टाकली, सलामी झाली, खडाखडी सुरू झाली. बराच वेळ नुसते कपाळाला कपाळ लावून रेटत होते. मग गावातल्या पोरानं पट काढला, खेडचा खाली आला, त्याच्यावर घिस्सा लागला. त्यानं मानेवर सगळं अंग तोललं. पाठ जमिनीपासून चार बोटं वर. मानेच्या शिरा दोरीसारख्या ताठ, डोळे घट्ट मिटलेले, नाकपुड्यांत माती. मैदान उठून उभं राहिलं. ती चार बोटं हळूहळू तीन झाली, दोन झाली आणि पाठ मातीला लागली. पंचांची शिट्टी झाली. जिंकलेल्याला लोकांनी खांद्यावर घेतलं, पण त्याआधी त्यानं हरलेल्याला हात देऊन उठवलं होतं. खेडचा पोरगा अंगावरची माती झाडत मैदानाच्या कडेनं फिरला आणि लोकांनी त्याच्याही हातात नोटा ठेवल्या. तात्यांनीही ठेवली.

मी विचारलं, "तात्या, हरलेल्याला कशाला?"

"आवो, चांगला लढला की त्यो. हारलेल्याला मोकळ्या हातानं घरी लावून द्यायचं नसतं," ते म्हणाले. "त्याला परत यायचंय. आन् त्यो परत आला न्हाय, तर जिकलेला लढणार कुनाशी?"

त्यानंतरची एक कुस्ती वेळ संपेपर्यंत सुटेना, तेव्हा ती बरोबरीत सोडवली. दोघांचे हात पंचांनी एकत्र वर केले. ते पाहताना मला सिसिलीतल्या एका थडग्यावरचा लेख आठवला. फ्लामा नावाच्या ग्लॅडिएटरचं ते थडगं. तो ३० वर्षं जगला. ३४ वेळा लढला, २१ वेळा जिंकला, ९ वेळा बरोबरीत सुटला आणि ४ वेळा हरूनही त्याला जीवदान मिळालं. एवढा हिशेब दगडावर कोरलेला आहे. चित्रपटांनी आपल्या मनात बसवलंय की दर लढतीत एक जण मरायचाच. तसं नव्हतं. ग्लॅडिएटर तयार करायला वर्षं जात. त्याला खाऊपिऊ घालावं लागे, वैद्य ठेवावे लागत, शिकवणारे ठेवावे लागत. त्याचा मालक त्याला भाड्यानं देई आणि तो मेला तर घेणाऱ्याला मोठी भरपाई द्यावी लागे. म्हणून हरलेल्याला सोडायचं की मारायचं याचा निर्णय खेळ भरवणारा माणूस घेई, आणि तो कान देई प्रेक्षकांकडे. चांगला लढला असेल तर लोक सोडा म्हणून ओरडत. म्हणजे तिथेही बघणाऱ्यांच्या हातात काहीतरी होतं. भोसरीत ते दहा-वीसच्या नोटेच्या रूपानं होतं, तिथे ते जिवाच्या रूपानं होतं.

आता गुन्हेगारांचं. रोममध्ये हा खेळ सुरू झाला तो शिक्षा म्हणून नव्हे. इ.स.पू. २६४ मध्ये ब्रूटस पेरा नावाच्या सरदाराच्या उत्तरक्रियेत त्याच्या मुलांनी गुलामांच्या तीन जोड्या लढवल्या, मेलेल्याच्या मानाखातर. पुढे पुढारी मतं मिळवण्यासाठी खेळ भरवू लागले, मग बादशहा भरवू लागले, आणि एवढं मोठं रिंगण, एवढी मोठी गर्दी हाताशी आहेच, तर न्यायालयानं मरणाची शिक्षा दिलेली माणसंही तिथेच मारावीत असा सरकारी विचार झाला. त्यातून दिवसाची एक शिस्तच बसली. सकाळी जनावरांच्या शिकारी, दुपारी गुन्हेगारांचे वध, तिसऱ्या प्रहरी ग्लॅडिएटर. दुपारच्या वधांत कोणाला श्वापदांपुढे टाकत, कोणाला जाळत. कधी पुराणकथेतलं सोंग देऊन त्या कथेतल्यासारखंच मारत. काही जणांना ढाल-शिरस्त्राण न देता एकमेकांकडून मारवत, जिंकेल त्याच्यापुढे लगेच दुसरा. यांना सुटका नव्हती. काही गुन्हेगारांना मात्र ग्लॅडिएटरांच्या शाळेत धाडण्याची शिक्षा होई. ती तुलनेनं सौम्य, कारण तिथे शिकायला मिळे. तीन वर्षं जगला तर रिंगणातून सुटका आणि पाच वर्षांनी स्वातंत्र्य, असा नियम रोमन कायद्याच्या ग्रंथांत नोंदलेला आहे.

तत्त्वज्ञ सेनेका एकदा दुपारी तिथे गेला. थोडी करमणूक होईल, मन हलकं होईल या अपेक्षेनं गेला होता. पाहिलं ते असं की ढाल नाही, शिरस्त्राण नाही, कौशल्य नाही, नुसती कत्तल. आणि लोक मार, चाबूक ओढ, जाळ म्हणून ओरडताहेत. त्यानं मित्राला लिहिलेल्या पत्रात म्हटलंय की अशा गर्दीत जाऊन आलं की मी अधिक क्रूर होऊन परततो. मेलेल्यानं खून केला असेल, त्याला त्याचं फळ मिळालं. पण बघणाऱ्या तू असं काय केलंस की तुझ्यावर हे पाहायची वेळ आली, अशा अर्थाचा प्रश्न त्यानं विचारला आहे. दोन हजार वर्षं झाली, तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

भोसरीत बैलगाड्यांबद्दल न बोलता कोणी बोलणं संपवत नाही. घाटावर बारी सुटते, पुढे घोडी, मागे बैल, आणि भोंग्यावरची 'भिर्रर्र' सगळ्या शिवारात ऐकू जाते. सर्वोच्च न्यायालयानं मे २०१४ मध्ये या शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा मान्य केला. तात्यांना बंदीची ती वर्षं फार जड गेली होती. मला बैलाला टोचलेली आरी सोसत नाही, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मलाबी न्हाय सोसत. बैल घरचा असतोय." लोकांनी काय पाहावं आणि काय पाहू नये हा प्रश्न एखादा समाज इतकी वर्षं न्यायालयात भांडतो, हे मला चांगलं लक्षण वाटतं. रोमनांना तसं कुठे विचारायची सोय नव्हती.

आणि तरी एकदा रोमच्या गर्दीनंच ते विचारलं. इ.स.पू. ५५ मध्ये सेनापती पाँपेनं आपलं नवं नाट्यगृह उघडलं तेव्हा खेळांत सुमारे वीस हत्ती मारायला आणले. हत्ती जखमी झाले, पळायला वाट नाही हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते सोंडा वर करून केविलवाणे फिरू लागले. प्लिनी लिहितो की लोक रडत उठून उभे राहिले आणि त्यांनी पाँपेला शिव्याशाप दिले. सिसेरो त्या खेळांना हजर होता. त्यानंही लिहून ठेवलंय की लोकांना त्या जनावरात माणसाशी काहीतरी नातं आहे असं वाटलं. लाखो खर्चून पाँपेला आपला दरारा दाखवायचा होता. लोकांनी भलतंच पाहिलं.

भोसरीहून आळंदी आणि तिथून मरकळमार्गे तुळापूर फार लांब नाही. गर्दीला दाखवायच्या शिक्षा आपल्याकडेही झाल्या, त्यांच्या जागा पाहायला दुसऱ्या दिवशी सकाळीच निघालो. रस्त्यात गोदामं, मग ऊस, मग इंद्रायणी. भीमा-इंद्रायणीच्या संगमावर उभं राहिलं की पाणी संथ दिसतं. छत्रपती संभाजी महाराजांना फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वराला पकडल्यावर बहादूरगडावर, म्हणजे पेडगावला, आणलं. तिथे त्यांना आणि कवी कलशांना विदूषकाचा पोशाख चढवून, घुंगरं बांधून, उंटावरून मिरवलं. ११ मार्च १६८९ रोजी याच परिसरात त्यांचा हाल हाल करून वध झाला. पराभूत राजा साखळदंडात राजधानीच्या रस्त्यावरून मिरवायचा आणि मग मारायचा ही रोमनांची ठरलेली रीत. सीझरनं गॉल लोकांच्या व्हर्सिंजेटोरिक्सला इ.स.पू. ४६ मध्ये तसंच मिरवून मारलं. औरंगजेबाला ते माहीत असण्याचं कारण नव्हतं. सत्तेला ही युक्ती आपोआप सुचते. बघणाऱ्यांनी धडा घ्यावा हा हेतू. मराठी मुलखानं जो धडा घेतला तो उलटाच. त्यानंतर १८ वर्षं, औरंगजेब १७०७ मध्ये नगरजवळ मरेपर्यंत, ही लढाई थांबली नाही.

तिथे सहलीला आलेली शाळेची मुलं रांगेनं पुतळ्यासमोर उभी राहत होती. कोणी सांगितलं नव्हतं, पण पादत्राणं सगळ्यांनी काढून ठेवली होती.

इथवरचं पाहणं सोपं होतं, कारण मारणारा परका होता. मला पुढे जायचं होतं ते आपल्याच दारात.

नाशिक फाट्याहून पुण्याकडे जाणारी मेट्रो कासारवाडी, फुगेवाडी, दापोडी अशी उंचावरून धावते. मुळा ओलांडली की बोपोडी, मग खडकी. माझ्यासमोर कॉलेजची तीन पोरं एका मोबाइलवर वाकून काहीतरी बघत होती. मीही पाहिलं. कोयते नाचवून दहशत माजवणाऱ्या काही तरुणांना पकडून त्यांच्याच वस्तीतून चालवत नेतानाचा व्हिडिओ होता. असे व्हिडिओ गेल्या काही वर्षांत पुणे-पिंपरीत पुष्कळ फिरले. चेहरे सुजलेले, माना खाली, गॅलऱ्यांमधून बायका-मुलं बघताहेत, कोणी टाळ्या वाजवतंय, बरेच जण चित्रीकरण करताहेत. कोयत्याच्या भीतीनं ज्यांची दुकानं संध्याकाळी बंद व्हायची, त्यांना ती टाळी वाजवावीशी वाटली यात नवल नाही. त्यांचा राग मला कळतो. पण खटला अजून उभा राहायचा होता, आणि विनाकारण बेड्या घालून माणसाची मानखंडना करू नये हे आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्येच सांगितलं आहे. तीन पोरांपैकी एकानं तो व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.

शिवाजीनगर म्हणजे जुनं भांबुर्डं. मेट्रो इथे जमिनीखाली जाते. १७९७ मध्ये याच भांबुर्ड्यात दौलतराव शिंद्यांच्या फौजेनं तुकोजी होळकरांचा मुलगा मल्हारराव याला रात्री छावणीवर छापा घालून मारलं. त्याचे भाऊ यशवंतराव आणि विठोजी निसटले. विठोजीच्याच मागे मी चाललो होतो. कसबा पेठ स्थानकात उतरून वर आलं की शनिवारवाडा पाच मिनिटांवर.

दिल्ली दरवाजा उत्तरेला तोंड करून उभा आहे. पहिल्या बाजीरावानं १७३०-३२ मध्ये वाडा बांधला, दरवाजे नंतर आले. त्या फळ्या हातानं चाचपून पाहण्यासारख्या आहेत. माझ्या डोक्याच्या वर लोखंडी अणकुचीदार खिळ्यांच्या ओळी सुरू होतात. शत्रूनं हत्ती आणून कपाळानं दार फोडायचा प्रयत्न केला तर ते खिळे कपाळात घुसावेत, म्हणून नेमके त्या उंचीवर ठोकलेत. हत्तीला अडवण्याची एवढी तयारी केलेल्या या दाराबाहेर एप्रिल १८०१ मध्ये हत्तीच्याच पायी एक माणूस दिला गेला.

विठोजी होळकरानं पेशव्यांच्या मुलखात बंडाळी केली, लुटालूट केली हे खरं. बापू गोखल्यांनी त्याला पकडून पुण्याला आणलं. दुसरा बाजीराव पेशवा होता. नाना फडणवीस मार्च १८०० मध्ये वारले होते, चार पावलं पुढचं पाहून सांगणारं कोणी उरलं नव्हतं. सरदारांपैकी समजदार माणसांचं म्हणणं पडलं की त्याला कैदेत ठेवा, होळकरांशी बोलणं करायला तो हाती राहील. बाजीरावाच्या मनात होळकर घराण्याबद्दलचा जुना राग होता. विठोजीला फटके मारले, हत्तीच्या पायाशी बांधलं आणि वाड्यापुढच्या पटांगणात प्राण जाईपर्यंत फरफटवलं. आपल्या मर्जीतल्या बाळोजी कुंजराबरोबर पेशवा वाड्यातून ते पाहत होता, असं इतिहासकार लिहितात.

पटांगणात आज संध्याकाळी भेळेच्या गाड्या लागतात, मुलं फुगे घेऊन धावतात. मी बराच वेळ दरवाजासमोरच्या कठड्यावर बसून वर नगारखान्याकडे पाहत राहिलो. त्या दिवशी पुण्याची माणसंही इथे जमली असणारच. त्यांना काय दिसलं? बंडखोराला शासन झालेलं दिसलं, की होळकरांच्या पोराला, थोरल्या सुभेदार मल्हाररावांच्या घराण्यातल्या माणसाला, कुत्र्याच्या मोलानं मारलेलं दिसलं? ज्याच्या कानावर ते गेलं त्या यशवंतरावानं काय पाहिलं ते मात्र नोंदलेलं आहे. तो फौजेनिशी पुण्यावर चालून आला. २५ ऑक्टोबर १८०२, ऐन दिवाळीत, हडपसरला त्यानं पेशवे-शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. बाजीराव पळाला तो वसईला पोचला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांच्या तैनाती फौजेचा तह करून बसला. मराठी राज्याच्या अंताला कारणं पुष्कळ आहेत, एका वधावर सगळं ढकलणं बरोबर नाही. पण त्या तहाकडे जाणारी वाट या पटांगणातून निघते, हे मला तिथे बसून स्वच्छ दिसलं. पुढे ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली. मघाशी मेट्रोतून मागे टाकलेलं तेच खडकी. तेव्हा बापू गोखले मैदानात लढत होते आणि बाजीराव पर्वतीवरून पाहत होता. पाहणं त्याचं सुटलं नाही.

हत्तीच्या पायी देणं ही पेशवाईत काही अपवादाची शिक्षा नव्हती. एल्फिन्स्टननं १८१९ च्या अहवालात पेशव्यांच्या राज्यातल्या शिक्षांची यादी दिली आहे. फाशी, शिरच्छेद, तलवारीनं तुकडे करणं, मोगरीनं डोकं फोडणं आणि हत्तीचा पाय. तोतया सदाशिवरावभाऊला १७७६ मध्ये पुण्यात धिंड काढून, डोक्यात मेख मारून संपवलं. १७९१ मध्ये घाशीराम कोतवालाची धिंड काढून त्याला जमावाच्या हवाली केलं आणि जमावानं दगडांनी ठेचलं. आपण ते नाटकामुळे ओळखतो. पण त्या दिवशी दगड उचलणारे लोक खरे होते. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे. ब्राह्मण गुन्हेगाराला उघड देहदंड नसे. त्याला किल्ल्यात ठेवून अर्ध्याला अर्धं मीठ घातलेल्या भाकरीवर ठेवत, म्हणजे तो आपोआप मरे. स्त्रियांना मारत नसत, नाक-कान कापत. रोममध्येही अगदी हेच. प्रतिष्ठितांना तलवारीचा एक वार किंवा बेटावर हद्दपारी, आणि गरिबाला, गुलामाला, परक्याला सूळ, आग किंवा श्वापद. दोन्हीकडे शिक्षा गुन्हा पाहून ठरे त्याहून अधिक माणूस पाहून ठरे. गर्दीसमोर कोण मरायचं आणि भिंतीआड कोण, हे जन्मानं ठरलेलं.

इंग्रज आले म्हणून हे लगेच थांबलं असंही नाही. शनिवारवाड्यावरून शिवाजी रस्त्यानं चालत मामलेदार कचेरीपर्यंत गेलो. इथे, खडकमाळ आळीत, ३ फेब्रुवारी १८३२ रोजी इंग्रजांविरुद्ध उठलेल्या उमाजी नाईकांना फाशी दिलं आणि दहशत बसावी म्हणून मृतदेह तीन दिवस पिंपळाला टांगून ठेवला. स्पार्टाकसच्या बंडानंतर क्रॅससनं इ.स.पू. ७१ मध्ये कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्यावर ६००० बंडखोर सुळावर चढवून ठेवले होते, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पाहावं म्हणून. आज क्रॅससचं नाव इतिहासाच्या विद्यार्थ्यांना माहीत आहे. स्पार्टाकसचं सगळ्यांना. कचेरीत कामाला आलेली माणसं उमाजींच्या स्मारकाला हात जोडून आत जात होती.

स्वारगेटवरून कोल्हापूरची एसटी धरली, कारण तात्या निघताना म्हणाले होते, "खासबाग पायल्याबिगर कुस्तीचं ल्हिऊ नका." त्यांनी तिथे तरुणपणी कुस्ती केली होती. जिंकले की हरले ते त्यांनी सांगितलं नाही, माती कशी होती ते सांगितलं.

राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले होते. त्या प्रवासात त्यांनी रोमचं कलोझियम पाहिलं. त्या मोडक्या, भव्य वर्तुळात उभं राहून बहुतेक प्रवासी सिंह नि ख्रिस्ती हुतात्मे आठवतात. महाराजांनी पाहिली ती बसायची सोय: खोलगट बांधणी, चहूबाजूंनी उतरत गेलेल्या पायऱ्या, मागच्या रांगेतल्या माणसालाही मधला हौद दिसावा अशी रचना. त्यावरून खासबाग मैदान तयार झालं आणि १९१२ मध्ये तिथे इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची पहिली मोठी कुस्ती झाली. मी सर्वांत वरच्या, मागच्या कडेला जाऊन उभा राहिलो. खाली हौद स्वच्छ दिसत होता. दोन पोरं जोर मारत होती, त्यांचे श्वास मोजता येतील इतकं स्पष्ट. मैदानाला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह आहे, महाराजांनीच उभारलेलं, ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत होरपळलेलं.

महाराजांच्या काळात कोल्हापुरात हत्तींची साठमारीही चाले. मस्तीत आलेला हत्ती मोकळा सोडायचा, साठमारांनी त्याला डिवचायचं आणि बुरुजाच्या अरुंद फटींतून आत निसटायचं. ती जागा शहरात आहे, मी जाऊन पाहिली. हत्ती आणि माणूस दोघांच्याही जिवाशी तो खेळ होता आणि तो गेला याचं मला वाईट वाटत नाही. महाराजांनी रोमहून सगळंच गाळून आणलं असं मी म्हणणार नाही. तरी खासबागेच्या पायऱ्यांवर बसल्यावर मला त्यांच्या मैदानापेक्षा त्यांच्या एका हुकुमाची आठवण अधिक झाली, आणि तो हुकूम बघणाऱ्या गर्दीशीच संबंधित आहे.

रोममध्ये रिंगणात धाडलेल्या गुन्हेगाराच्या तोंडावर डाग देत, म्हणजे तो कुठेही गेला तरी बघणाऱ्याला कळावं. ग्लॅडिएटर जिंकला, गाजला, स्वतंत्र झाला तरी कायद्यानं त्याच्यावरचा कलंक जात नसे. बादशहा कॉन्स्टंटाइननं चौथ्या शतकात हुकूम काढला की डाग द्यायचा तर हातापायांवर द्या, चेहऱ्यावर नको. आपल्याकडे इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यात डाग द्यायची गरजच ठेवली नाही, जन्मालाच डाग ठरवून टाकलं. अशा जमातींच्या माणसांना गावकामगारापुढे रोज हजेरी द्यावी लागे. काही केलेलं नसताना, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत, आपण गुन्हेगार आहोत हे उभं राहून कबूल करायचं. शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात १९१८ मध्ये ही हजेरी बंद केली. फासेपारध्यांना घरं बांधून दिली, कामं दिली, आणि ज्यांच्यावर गावं चोर म्हणून नजर ठेवत होती त्यांनाच पहाऱ्यावर नेमलं. इंग्रजी मुलखात तो कायदा त्यानंतरही चालूच राहिला. सोलापूरला तारेच्या कुंपणामागे वसाहती होत्या. तो रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी आणि कोल्हापूरनंतर ३४ वर्षांनी.